सुंठ, गूळ, अशोकाची साल आणि तो फॉरवर्ड

'पाळीच्या सगळ्या तक्रारींवर एकच काढा: सुंठ, गूळ, अशोकाची साल. पेनकिलर फेकून द्या, त्यांनी वंध्यत्व येतं. वनस्पतींना साईड इफेक्ट नसतात.' हा मेसेज बायकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय.

सुंठेत तथ्य आहे. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या चाचणीत १५० विद्यार्थिनींपैकी काहींना २५० मिलिग्रॅम आलं दिवसातून चारदा दिलं, बाकीच्यांना मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन या पेनकिलर. आराम जवळपास सारखाच पडला. मात्र तुलनेसाठी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारा गटच नव्हता, आणि अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६च्या कॉक्रेन आढाव्याला अशा उपायांचा चांगल्या दर्जाचा पुरावा सापडला नाही. कळांपुरती सुंठ घ्या की, कोण अडवतंय? पण ज्या गोळीला मेसेज शिव्या घालतो, ती नेमकी प्रोस्टाग्लँडिनच रोखते, तेही जास्त भरवशाने. पाळीचे दोन-तीन दिवस घेतल्याने मूल होत नाही, याला आधार नाही. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आता अशोक. आयुर्वेदात जास्त रक्तस्रावावर वापरतात तो सीता अशोक: केशरी-लाल फुलांचे गुच्छ, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो, नागमोडी कडांच्या लांब पानांचा, तो खोटा अशोक. त्याचं कूळच वेगळं. पण बाजारात त्याची साल खऱ्याच्या नावाने खपते. म्हणजे परंपरा मान्य केली तरी पातेल्यात काय उकळतंय हे कुणाला ठाऊक? आणि अंगावरून जास्त जाण्यामागे फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किंवा थायरॉइडचा बिघाड असेल, तर खरी सालही ते शोधून देणार नाही. राहिली साईड इफेक्टची गोष्ट. अशोकाच्या सालीचं बाटलीत मिळणारं आयुर्वेदिक औषध, अशोकारिष्ट, त्यात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं. बाटलीवर छापलेलं असतं, वाचा.

गुळाने रक्त वाढतं म्हणे. चमचाभर गुळात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. शाळेत मुलींना मिळते त्या निळ्या गोळीत ६०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या, आणि गूळ तर घरोघरी आहे.

पाळी लांबली तर हाच काढा दुप्पट घ्या, असंही शेवटी लिहिलंय. विवाहित असाल-नसाल, संबंध आले असतील तर आधी मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट आणा. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि एका बाजूला जोरात दुखत असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असू शकतो. तेव्हा गॅसवर पातेलं न चढवता थेट दवाखाना गाठा.