फॉर्म बी मिळाला, पण डक्टमधल्या भोकांचं काय?

जानेवारी-जुलै आला की सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत आगीची साधनं तपासायला परवानाधारक एजन्सीचा माणूस येतो. पंप चालवून बघतो, आग विझवायच्या सिलेंडरच्या काट्यावर नजर टाकतो, फॉर्म बी देतो, म्हणजे साधनं चालू असल्याचा दाखला. २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो वर्षातून दोनदा लागतोच. कमिटी खूश.

माझं म्हणणं एवढंच, की आग विझवणारी साधनं आपण तपासतो. आग आणि धूर अडवून धरणाऱ्या भिंती, दारं, डक्ट (वायरींसाठी सगळ्या मजल्यांतून जाणारी उभी पोकळी) यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उलट आपणच ती रोज थोडी थोडी मोडतो.

विजेचा डक्ट घ्या. प्रत्येक मजल्यावर केबल वर जाते तिथली फट आग सोसणाऱ्या मसाल्याने बुजवलेली हवी, नाहीतर डक्ट म्हणजे सरळ धुराडं. बिल्डरने ती बुजवली होती, हे त्याचं कौतुक. मग इंटरनेटवाले आले. जो आला त्याने ड्रिल मारलं, वायर ओढली, निघून गेला. परवा तिसऱ्या मजल्यावर भोकाजवळ उदबत्ती धरली, तर सगळा धूर आत ओढून वर गेला. एका ठिकाणी कुणीतरी पिवळा फोम मारलाय. दिसायला झकास, पण साधा पीयू फोम स्वतःच पेटतो!

जिन्याचं फायर डोअर, म्हणजे आग-धूर अडवणारं दार, कायम विटेच्या तुकड्यावर उघडं. का, तर "सारखं आपटतंय हो." अहो, दार आपोआप लावणाऱ्या क्लोजरचा स्क्रू फिरवला की आपटायचं थांबतं. चौकटीतली बारीक पट्टी उष्णतेने फुगून फट बंद करते. ती मागच्या रंगकामात रंगाऱ्याने खरवडून टाकली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दार ठीक आहे का बघायचं तर पूर्ण उघडून सोडून द्या. आपोआप येऊन लॅच लागला पाहिजे.

१९९७ साली दिल्लीच्या उपहार थिएटरात ५९ माणसं गेली. आग खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला लागली, माणसं वर बाल्कनीत गुदमरली. २०११ मध्ये कोलकात्याच्या आम्री हॉस्पिटलात तळघर पेटलं आणि वरच्या वॉर्डांत धूर भरला. ९० हून जास्त बळी. आमची मीटर रूमही पार्किंगमध्येच आहे, जिन्याला चिकटून. आणि मिरजेत तर गल्लोगल्ली हॉस्पिटलं. पेशंटला भेटायला जाल तेव्हा जिन्याचं दार कशाने अडवलंय का, तेवढं बघा.

येत्या मीटिंगला मी दोन ठराव मांडणार आहे. वायर टाकणाऱ्याने भोक फायर सीलंटने बुजवून फोटो दाखवायचा, तोवर डिपॉझिट परत नाही. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक मजल्याचं दार नि डक्ट कमिटीच्या माणसाने स्वतः उघडून बघायचं.

खरी मारामारी होणार ती जिन्याच्या खिडक्यांवरून. कबुतरं येतात म्हणून तिथे ॲक्रिलिक शीट ठोकलीत, म्हणजे जिन्यात शिरलेल्या धुराला बाहेर जायला वाटच नाही. जाळी लावा म्हटलं तर वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "पाऊस आत येतो, पुसणार कोण?" वर्गणीतून बाई लावू, पण शीट काढायच्याच.