कडी बाहेरून आहे

खुराडं बांधणारा माणूस कोंबडीच्या उंचीचा विचार करतो. ते साफ करायला जो आत शिरणार त्याच्या उंचीचा नाही. परवा सकाळी मी आत काटकोनात वाकून खालचा भुसा खरवडत होतो. बाहेर आमच्या शेळीला मान खाजवायची हुक्की आली. तिने दारावर यथेच्छ मान घासली, दार लोटलं गेलं, कडी कोयंड्यात पडली. शेळी निघून गेली, मी राहिलो. बायको बाहेरगावी, फोन बाहेर उलट्या घमेल्यावर. एवढीच हकीकत. यात हसण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट आहे ती यानंतर कुंपणापाशी आलेल्या काकांची.

हे काका रोज सकाळी फिरायला जातात आणि आमच्या कुंपणापाशी थांबतात. कारण इथे, त्यांच्या मते, प्राणवायू जास्त आहे. पलीकडेच माझा कोंबडखताचा ढीग मुरत पडलेला आहे, त्यामुळे इथल्या हवेत काही जास्त असेलच तर तो अमोनिया. पण काका छाती भरभरून घेतात.

"वा! आज आतून काम चाललंय!"

"काका, मी अडकलोय. जरा कडी काढता का?"

काकांनी फाटक उघडलं, आत आले, वाफ्यांच्या कडेकडेने चपला सांभाळत खुराड्यापाशी पोचले. माझ्या डोळ्यांत कृतज्ञता दाटली. त्यांनी वाकून कडीकडे नीट पाहिलं.

"कडी बाहेरून आहे," ते म्हणाले.

"हो. म्हणूनच तर."

"आतून एक बसवून घ्यायला हवी होती."

"आतून कोण लावणार? कोंबड्या?"

"तसं नाही, पण एक सोय." मग जाळीला डोळा लावून त्यांनी आतल्या मंडळींची मोजदाद केली. "यात कोंबडा कुठला?"

"कोंबडा नाही. काका, कडी."

"कोंबडा नाही? मग अंडी?"

"घालतात."

"कोंबड्याशिवाय?"

इथे माझं चुकलं असं कुणी म्हणेल, आधी बाहेर यायचं आणि मग शास्त्र सांगायचं. पण कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की उत्तर आपोआप तोंडातून बाहेर पडतं. काटकोनात वाकलेल्या अवस्थेत मी सांगितलं की कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी, अंड्यांसाठी नाही. कोंबडीच्या शरीरात एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले २० तास तर नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून ती रोज थोडी उशिरा अंडं घालते आणि मग एखाद दिवस सुट्टी घेते. भरपूर अंडी हवी असतील तर तिला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो.

"उजेड," काका म्हणाले.

"उजेड."

त्यांनी मागेपुढे पाहिलं, आवाज खाली आणला. "शेजारचा एखादा येत असेल. तुम्हाला पत्ता लागत नसेल."

"अहो काका, चारी बाजूंनी जाळी आहे!"

"जाळी काय," काका म्हणाले आणि ज्या समंजसपणे हसले, त्याने माझ्या आठही कोंबड्यांच्या चारित्र्यावर कायमचा डाग पडला.

मी या कोंबड्यांची बाजू का घेत होतो ते मला आजही कळलेलं नाही, कारण त्याच वेळी त्या माझे लचके तोडत होत्या. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो. थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात हे प्रथम नीट मांडून दाखवलं. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी कोणालाच नाही. आमच्याकडे शेवटची म्हणजे एक करडी, अर्धवट पीस गळालेली कोंबडी. बाकीच्यांचं खाऊन झाल्याशिवाय दाण्यांकडे फिरकत नाही, फांदीवर झोपायला टोकाची जागा. मला तिचं फार वाईट वाटायचं. तर तिने मला नीट न्याहाळलं, एक पाय वर धरून विचार केला आणि माझ्या घोट्याला कडकडून टोचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या खालचं कोणी मिळालं होतं. मग ती थांबेचना. बुटाची नाडी तर तिने गांडूळ समजून खेचून खेचून सोडवलीच.

दुसऱ्या बाजूला खुडूक बसलेली तांबडी. खुडूक कोंबडी म्हणजे काय ते तिच्या शेजारी अडकल्याशिवाय कळत नाही. पिसं फुलवून दुप्पट झालेली, डोळे एका जागी खिळलेले, आणि घशातून सतत एक खर्जातली तक्रार. तिच्याखाली अंडी होती. त्यांतून काही निघणार नव्हतं, पण ती २१ दिवसांचा हिशेब लावून बसली होती.

"ती बसलीय," काका जाळीतून म्हणाले. "म्हणजे पिल्लं होणार."

"नाही होणार. कोंबडा नाही ना."

"मग ती का बसलीय?"

"तिला ते कळत नाही."

"मग तुम्ही तिला उठवायला नको? फसवणूक आहे ही."

मी तिला रोज उठवतो. रोज ती जाऊन पुन्हा बसते. हे मी सांगणार तेवढ्यात घमेल्यावरचा फोन वाजायला लागला.

"तुमचा फोन वाजतोय," काका म्हणाले.

"जाळीतून द्या, द्या!"

"दुसऱ्याच्या फोनला हात लावू नये." ते वाकून बघून आले. "पण 'घर' असं नाव आलंय. तुम्ही तर घरीच आहात."

"बायको आहे ती! उचला!"

"छे, छे. वहिनींना काय वाटेल? तुमचा फोन आणि आवाज माझा!"

फोन वाजून वाजून बंद पडला. मग मी सगळा आत्मसन्मान बाजूला ठेवून, अगदी एकेक शब्द तोडून म्हणालो, "काका. ती. कडी. वर. उचला."

आणि काकांनी पहिल्यांदा मनातली गोष्ट सांगितली. "उचलली असती हो. पण दार उघडलं आणि कोंबड्या पळाल्या तर? जबाबदारी माझ्यावर येईल. तुमच्या घरचं कोणी येऊ दे, मी तोवर थांबतो की. मला काही घाई नाही."

एखादा माणूस मदत नाकारतो तेव्हा निदान रागावता तरी येतं. थांबतो म्हणणाऱ्याचं काय करायचं? आणि काका नुसते थांबले नाहीत, त्यांनी वेळ सत्कारणी लावला. आधी सुनेला फोन करून "बघ, बघ, कोंबड्या" म्हणत सगळं खुराडं दाखवलं. त्यात मीही दिसलो असणार, कारण पलीकडून "ते काका आत काय करतायत?" असं एका लहान मुलाने विचारलेलं मी स्पष्ट ऐकलं. "साफसफाई," काकांनी सांगितलं. मग त्यांची नजर खुराड्याच्या बाजूच्या फळीवर गेली. अंडी काढण्यासाठी बाहेरून उघडणारी झडप असते, तिला बिजागरी असते, आणि वर एक छोटी कडी असते.

"ही कशाची?"

"अंडी काढायची."

ती कडी काकांनी उचलली. बेधडक. जबाबदारीचा विचारही न करता. हात आत घालून त्यांनी तीन अंडी काढली, तपकिरी निवडून काढली, "तपकिरीत ताकद जास्त" असं मला समजावलं (कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, ताकदीचा त्यात काही संबंध नाही, पण मी आता बोलणं सोडलं होतं), झडप हळूच बंद केली आणि तिची कडी आठवणीने लावली.

"उगाच उघडी नको राहायला," ते म्हणाले.

या ठिकाणी मी काही शब्द वापरले. खुडूक कोंबडीदेखील क्षणभर गप्प झाली.

शेवटी सुटका केली ती शेळीनेच. मी दाण्यांचा डबा हलवून वाजवला. शेळीच्या कानापर्यंत हा आवाज दुसऱ्या टोकाला असली तरी पोचतो. शेळी काहीही खाते असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. इतका चोखंदळ प्राणी मी पाहिलेला नाही. वाफ्यात मी लावलेलं आणि आपोआप उगवलेलं यांतला फरक तिला माझ्याहून चांगला कळतो. तण ती हुंगून सोडते आणि वालाच्या वेलाचे कोवळे शेंडे तेवढे खुडते. वरच्या जबड्यात पुढे दात नाहीत, नुसती टणक हिरडी, पण त्या हिरडीवर तिने माझ्या पेरूच्या रोपाची साल गोलाकार सोलून त्याला परलोकी धाडलंय. तर ही बाई धावत आली, नाकाने कडी खालून वर ढोसली, एकदा, दोनदा, आणि कडी निघाली. कोणी शिकवलं तिला? जबाबदारीचं ओझं नसलं की अशी कामं पटकन होतात.

मी बाहेर पडायच्या आत ती आत घुसली आणि तोंड थेट दाण्यांच्या डब्यात. हे मात्र गमतीचं नाही. शेळीने एकदम भरपूर धान्य खाल्लं तर पोटात ते भराभर आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर हातचं जाऊ शकतं. मी तिच्या मानेला मिठी मारून ओढतोय, ती पुढे रेटतेय, माझ्या पायांमधून आठ कोंबड्या बाहेर सुटून थेट मेथीच्या वाफ्यात, आणि फाटकापाशी अंडी सांभाळत उभे काका.

"बघा! उघडलं की नाही? उगाच घाबरत होता. आणि कोंबड्या पळणार हे मी आधीच सांगितलं होतं."

कोंबड्यांनी वाफा उकरून, रोपं उपटून, त्याच जागी खड्डे करून धूळस्नान केलं. अंगावरच्या उवा-पिसवा जाव्यात म्हणून त्या तसं करतात. कोरडी माती त्यांना सगळीकडे मिळते, पण मी भुसभुशीत केलेल्या मातीची सर तिला नाही. संध्याकाळपर्यंत मी शेळीच्या डाव्या कुशीवर हात ठेवून ती फुगतेय का ते बघत बसलो. रात्रीही उठून बघितलं. ती शांतपणे रवंथ करत होती. झोप माझी गेली.

आणि अशा वेळी लोक म्हणतात, "किती निवांत आहे हो तुमचं!" फोटो काढतात, करडांना मांडीवर घेतात, मुलांना म्हणतात हे खरं जगणं. आम्हाला लग्नाला, आजारपणाला, कशालाही दोघांनी मिळून घर सोडता येत नाही. दूध काढायची वेळ पुढे ढकलता येत नाही, आणि संध्याकाळी खुराड्याचं दार लावलं नाही तर रात्रीत मुंगूस हिशेब करून जातं. एकदा सगळ्या निवांतप्रेमींना विचारून पाहिलं, फक्त दोन रात्री इथे झोपाल का, दाणापाणी घालाल का. एकाला धुळीचं वावडं निघालं, दुसऱ्याला शेळीच्या डोळ्यांची भीती वाटते. आडव्या बाहुल्या असतात ना त्यांना, म्हणे ती मागूनही बघतेय असं वाटतं. (ती जवळपास मागूनही बघतेच, तो भाग वेगळा.) काकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, मी रोज येऊन बघून जाईन. बघून!

काल काका पुन्हा कुंपणापाशी. चेहरा पडलेला.

"रागावू नका, पण अंडी शिळी दिलीत तुम्ही."

मी दिली नव्हती. ते सोडून दिलं. "शिळी? त्याच सकाळची होती ती."

"उकडली तर सोलली जाईनात. टरफलाबरोबर अर्धं अंडं गेलं."

मी सांगितलं, ताजी अंडी अशीच चिकटतात. अंडं जुनं होत जातं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, मग आतला पापुद्रा सहज सुटतो. चिकटली म्हणजे ताजी होती.

"तसं नाही," काका म्हणाले. "एक उरलं होतं, ते मी पाण्यात टाकून बघितलं. तळाला जाऊन आडवं पडलं. बुडालं!"

"ताजंच बुडतं, काका. जुन्या अंड्यात हवेची पोकळी वाढते, ते तरंगतं."

काका माझ्याकडे बघत राहिले. उजेडाची गोष्ट सांगितली होती तेव्हा बघितलं होतं तसंच.

"असं करा," ते शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुढच्या वेळी मला तरंगणारी द्या."

तीन तपकिरी अंडी मी वेगळी काढून फडताळात ठेवली आहेत. अधूनमधून पाण्यात टाकून बघतो. अजून बुडतायत.