शिकवणारे पण तेच, पास करणारे पण तेच, मग बघणार कोण?

काल दुपारी माझ्या शेडमध्ये एक पोरगा मरता मरता वाचलाय. डोकं अजून शांत झालेलं नाहीये म्हणून लिहितोय, शब्द इकडेतिकडे झाले तर झाले. विषय एवढाच, कौशल्याचे कोर्स शिकवणाऱ्या सेंटरने स्वतःच परीक्षा घेऊन, बाहेरच्या कोणी न तपासता, सर्टिफिकेट द्यावं का?

मी नाशिकला पॅनल बोर्डचं काम करतो. वायरिंग, डीबी म्हणजे वीज वाटणारे बोर्ड, मोटर चालू करायचे स्टार्टर पॅनल, छोट्या कारखान्यांचं मेंटेनन्स, बावीस वर्षं झाली. महिन्याभरापूर्वी एक पोरगा घेतला, पेठ तालुक्यातला, वय एकोणीस, स्वभावाने सोन्यासारखा. हातात असिस्टंट इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट, ए ग्रेड, वर दोन लोगो, खाली क्यूआर कोड. मी म्हटलं चला, निदान बेसिक तरी येत असेल. काल मी फोनवर होतो, त्याला सांगितलं जरा आर-वाय मध्ये, म्हणजे दोन फेजच्या मध्ये, व्होल्टेज चेक कर. त्याने मल्टीमीटर घेतला, लाल लीड दहा अँपिअरच्या, म्हणजे करंट मोजायच्या, होलमध्ये खुपसलेली होती ती तशीच ठेवली आणि दोन्ही प्रोब सरळ दोन फेजवर टेकवले. 415 व्होल्टवर. ज्यांना कळतं त्यांच्या अंगावर इथेच काटा आला असेल. ज्यांना कळत नाही त्यांना सांगतो, मीटर तसा लावला की तो मीटर राहत नाही, सरळ तारेचा तुकडा होतो, आणि स्वस्तातल्या मीटरला त्या होलला फ्यूज पण नसतो. असा आवाज झाला की बाहेरचा टेम्पोवाला आत पळत आला. प्रोबची टोकं वितळून गोळा झाली, पोराच्या भुवया जळल्या, उजव्या हाताची दोन बोटं भाजली. आमचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, वेळेवर पडला म्हणून आज हे लिहितोय, नाहीतर आज पोलिस स्टेशनला बसलो असतो आणि त्याची आई सिव्हिलच्या दारात.

दवाखान्यातून आल्यावर त्याला शांतपणे विचारलं, अरे तिकडे मीटर कधी हातात धरला होतास का? तर म्हणतो, "काका, सरांनी लांबून दाखवला होता. तीस जणांत एकच होता." मग परीक्षा? "सरांनीच घेतली." प्रॅक्टिकल? "बोर्डासमोर उभं करून हातात पक्कड देऊन एकेकाचा फोटो काढला, मग सह्या घेतल्या." झालं. ही परीक्षा. पक्कड घेऊन फोटो. आणि त्यावर ए ग्रेड.

माझी चूक आहे, मान्य आहे, मी स्वतः बघितल्याशिवाय लाइव्ह पॅनलला हात लावू द्यायला नको होता. पण मग ते सर्टिफिकेट कशासाठी असतं हो? ज्याने ते बघितलं त्याला निदान एवढा भरवसा यावा की बाबा या पोराला मीटर धरता येतो, याच्यासाठीच ना?

मी आज सकाळी त्या सेंटरला फोन केला. नाव नाही लिहीत. तिथली मॅडम म्हणते, सर, सर्टिफिकेट व्हॅलिड आहे, तुम्ही क्यूआर स्कॅन करून बघा. स्कॅन केला. हिरवी टिक आली, व्हेरिफाइड. कागद खोटा नाहीये एवढंच त्या टिकवरून कळलं. पोराला काम येतं की नाही हे कोणीच व्हेरिफाय केलेलं नाही, कुठेच नाही, कधीच नाही. मी विचारलं, असेसमेंटला बाहेरचा कोण आला होता? म्हणे, आमचं सेंटर जुनं आणि ट्रस्टेड आहे, आम्हाला स्वतः असेसमेंट करून सर्टिफिकेट द्यायची परवानगी आहे, बाहेरून कोणी येऊन बघायची गरज नसते. हे ती अभिमानाने सांगत होती!

आणि हे काही त्या एका सेंटरने स्वतःच्या मनाने काढलेलं नाहीये, हेच तर दुखणं आहे. आपल्याकडे या सगळ्यावर लक्ष ठेवायला एनसीव्हीईटी नावाची नियामक संस्था आहे, डिसेंबर 2018 मध्ये नोटिफाय झाली, 2020 मध्ये तिचे नियम आले. त्या नियमांत सर्टिफिकेट देणारी अवॉर्डिंग बॉडी वेगळी आणि परीक्षा घेणारी असेसमेंट एजन्सी वेगळी अशी विभागणी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यातच 'ड्युअल' असा एक प्रकार पण आहे, म्हणजे एकच संस्था तपासणार पण आणि सर्टिफिकेट पण तीच देणार. आता तीच संस्था शिकवत पण असेल तर? शिकवणारी तीच, मार्क देणारी तीच, शिक्का मारणारी तीच. कागदावर अटी आहेत, शिकवणारे लोक वेगळे आणि तपासणारे लोक वेगळे पाहिजेत वगैरे, पण एकाच मालकाच्या दोन नोकरांमधला एक दुसऱ्याच्या पोरांना नापास करेल का? तुम्ही कराल का? महिन्याच्या शेवटी पगार एकाच गल्ल्यातून होतो.

पैसा कुठे अडकलेला असतो तेही बघा म्हणजे सगळं कळेल. सरकारी कौशल्य योजनांमध्ये सेंटरला पैसे हप्त्यांनी मिळतात आणि त्यातला मोठा हप्ता पोरगं सर्टिफाय झाल्यावर सुटतो. खाजगी कोर्स असेल तर 'शंभर टक्के रिझल्ट' असा बॅनर लावून पुढची बॅच भरायची असते. म्हणजे पोरगं नापास झालं तर नुकसान सेंटरचं, आणि न येता पास झालं तर नुकसान पोराचं आणि आमच्यासारख्यांचं. अशा माणसाच्या हातात शिक्का देऊन वर म्हणायचं आमचा तुमच्यावर विश्वास आहे!

हे माहीत नव्हतं असंही नाही. 2016 मध्ये शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, माणूस स्वतः केंद्राच्या रोजगार आणि प्रशिक्षण खात्याचा महासंचालक राहिलेला, त्या समितीने सेक्टर स्किल कौन्सिलांमधल्या, म्हणजे एकेका उद्योगाचे कौशल्य कोर्स बघणाऱ्या संस्थांमधल्या, हितसंबंधांच्या गुंत्यावर सरळ बोट ठेवलं होतं, सगळे आकड्यांच्या मागे पळतायत म्हणून. पुढे काय झालं? डिसेंबर 2025 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल संसदेत आला, त्यात 95 लाखांहून जास्त उमेदवारांच्या नोंदी तपासल्या तर 94 टक्क्यांहून जास्त ठिकाणी बँक खात्याच्या रकान्यात शून्य, नल नाहीतर कोरी जागा, आणि काही ठिकाणी सरळ अकरा वेळा एक दाबून ठेवलेला. एकच फोटो वेगवेगळ्या उमेदवारांना लावलेला पण सापडला. अहो खाते नंबरच्या जागी 11111111111 चालतं, ते कोणाच्या नजरेला पडत नाही, तर पोराला मीटर धरता येतो की नाही हे कोण बघणार आहे? आणि अशा व्यवस्थेत तपासणी अजून कमी करायची?

मी 1997 ला आयटीआयची परीक्षा दिली, इलेक्ट्रिशियन ट्रेड. प्रॅक्टिकलला परीक्षक बाहेरून आलेले, धुळ्याचे, आमच्या सरांची आणि त्यांची ओळख पण नव्हती. मला मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर जोडायला आला होता. मी सगळं जोडलं, मोटर फिरली, मी खुशीत. त्या माणसाने सप्लाय बंद करायला लावला, खाली बसला आणि टर्मिनलवरची एकेक वायर दोन बोटांत धरून ओढायला लागला. तिसरी की चौथी वायर सरळ त्याच्या हातात आली, स्क्रू इन्सुलेशनवर आवळला होता मी. एक शब्द बोलला नाही, ती वायर माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि पुढच्या पोराकडे गेला. मी नापास. घरी बोलणी खाल्ली, सहा महिन्यांनी पुरवणीला बसलो. आमच्या सरांना मी आवडायचो, त्यांनी शंभर टक्के पास केला असता मला, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसता. बाहेरचा माणूस याच्यासाठीच लागतो, सेंटर चोर आहे म्हणून नाही, आपल्या पोरांच्या चुका आपल्याला दिसत नाहीत म्हणून.

आता काही जण म्हणतील बाहेरचे परीक्षक पण जेवणं झोडून सह्या करून जातात. जातात, मी बघितलंय. आणि बाहेरच्या माणसाची वाट बघत पोरं महिनोन्महिने लटकतात, रिझल्ट नाही, सर्टिफिकेट नाही, तोपर्यंत कंपनीतली जागा जाते, हे पण खरं आहे आणि त्याचा पण मला तेवढाच राग आहे. म्हणून चांगल्या सेंटरला आधी सर्टिफिकेट देऊ द्या, मागून तपासा, या कल्पनेलाच माझा विरोध नाहीये. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला केअर होमच्या स्टाफचे कोर्स बघते, असेसर म्हणजे शिकणाऱ्यांचं काम तपासणारी आहे ती. तिकडे याला डायरेक्ट क्लेम म्हणतात, सेंटरने आधी बाहेरच्या तपासनिसासमोर पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करायचं, मग प्रत्येक कोर्ससाठी वेगवेगळी परवानगी मिळते, संस्थेला सरसकट नाही. आणि ती मिळाल्यावर पण तपासनीस येतच राहतो, कुठल्याही पोराची फाइल काढ म्हणतो, कामाचे पुरावे दाखव म्हणतो, असेसर बदलला तरी विचारतो, आणि गडबड दिसली की परवानगी काढून घेतात. तरी तिथल्या नियामकाला, ऑफक्वॉलला, 2021 पासून सेंटरांवरच्या देखरेखीचे नियम अजून कडक करावे लागले. म्हणजे ज्यांच्याकडे ही पद्धत मुरलेली आहे त्यांना पण नुसत्या विश्वासावर भागवता आलं नाही. आणि आपण त्यातला फक्त सोयीचा अर्धा भाग उचलतो, आधीची तपासणी काढून टाकतो आणि मागून बघायचं ते कोणी बघतच नाही.

मला सांगा, त्या सेंटरने सर्टिफिकेट दिल्यानंतर एक तरी माणूस न सांगता तिथे गेला का? तीस पोरांना एक मीटर आहे हे कोणी मोजलं का? पास झालेल्या तिसातल्या तिघांना बोलावून वायर जोडून दाखव म्हटलं का? मी सर्टिफिकेटवर त्याला कामावर ठेवला, मला कोणी फोन करून विचारलं का पोरगा कसा आहे म्हणून? एका फोनचा खर्च आहे हो!

सगळ्यात जास्त चीड कशाची येते माहितीये का, हा पोरगा स्वतःला इलेक्ट्रिशियन समजत होता. खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या आईने द्राक्षबागेत छाटणीला जाऊन अठरा हजार भरले होते, सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलंय, गावात पेढे वाटले. त्याला कोणी सांगितलंच नाही की तुला अजून येत नाही. नापास केला असता तर रडला असता, पुन्हा शिकला असता. काल बोटांना पट्टी बांधून बसला होता आणि मला विचारतो, "काका, मला काढून टाकणार का?" काय उत्तर देऊ त्याला? आणि जी सेंटरं खरंच जीव तोडून शिकवतात, आमच्या भागात आहेत तशी एकदोन, त्यांच्या पोरांच्या सर्टिफिकेटकडे पण आता मी संशयानेच बघणार, त्यांनी काय पाप केलंय?

मी तक्रार करणार आहे. लेखी, फोटोसकट, जळालेला मीटर पण जपून ठेवलाय. तिकडून काय उत्तर येईल त्याचा अंदाज आहे मला, तरी करणार.

पोराला काढलेलं नाही. बोटं बरी झाली की सोमवारपासून त्याला नवा मीटर देणार, सोबत नऊ व्होल्टची बॅटरी. पहिला आठवडा तेवढंच.