तपकिरी धूर म्हणजे सोनं नव्हे

‘दहा जुने मोबाइल, दोन बाटल्या ॲसिड, अर्धा तास... घरबसल्या दहा ग्रॅम सोनं!’ हा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. दुर्लक्षच केलं असतं, पण मामेभावाने तो पाठवून वर विचारलं, ‘ॲसिड कुठे मिळेल रे?’ म्हणून हे लिहिणं आलं.

हिशेब आधी उरकू. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये एका मोबाइलमधल्या धातूंचं सरासरी प्रमाण दिलं होतं: तांबं १६ ग्रॅम, चांदी ०.३५ आणि सोनं ०.०३४. म्हणजे कणही वाया गेला नाही तरी दहा फोनांतून ०.३४ ग्रॅम. दहा ग्रॅम हवं असेल तर जवळपास ३०० फोन जमवा.

‘धूर तपकिरी झाला की सोनं सुटतंय असं समजा.’ इथे मात्र डोकं फिरलं. अहो, तो नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा विषारी वायू! नायट्रिक आम्लात नुसती तांब्याची तार पडली तरी तो निघतो. फोनमध्ये तांबं सोन्याच्या ४७० पट, त्यामुळे आम्ल आधी त्याच्यावरच खर्ची पडतं. तांबं शिल्लक असेपर्यंत विरघळलेलं सोनंसुद्धा परत त्याच्यावर जाऊन बसतं. वायू तर महाफसवा: थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. यावर व्हिडिओतली खबरदारी काय, तर ‘खिडकी उघडी ठेवा’!

‘तळाशी चकाकतं सोनं बसेल’ हेही खोटं. द्रावणातून खाली बसणारं सोनं चिखलासारखं तपकिरी दिसतं. वितळवल्यावर कुठे झळाळी येते. ‘आधी बोर्ड (फोनमधली सर्किटची पट्टी) जाळून घ्या’ म्हणे. त्यातल्या ब्रोमीनयुक्त रसायनांतून विषारी डायॉक्सिन तयार होतात, आणखी काय सांगू?

टनाला टन तोललं तर खाणीतल्या खनिजापेक्षा फोनमध्ये सोनं कितीतरी जास्त असतं, हे मान्य करावंच लागेल. टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या उपकरणांतून घडवली, हेही खरं. पण व्हिडिओने गाळलेले आकडे बघा: दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन उपकरणं गोळा झाली, त्यात ६२ लाख फोन, आणि सोनं निघालं ३२ किलो. बाकीचा माल घरगुती उपकरणांचा होता हे धरलं तरी टनामागे अर्धा ग्रॅमही नाही. तेही धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत, जिथे धूर शोषायची यंत्रणा लागते आणि वापरलेल्या आम्लावर प्रक्रिया करावी लागते. व्हिडिओतले गृहस्थ ते तांबं-शिशाचं हिरवं पाणी सरळ मोरीत ओततात.