"विदर्भात थर्मोस्टॅट कोण टाकतं?" – तुमच्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. आमच्या गॅरेजच्या रिव्ह्यूत तुम्ही दिलेला एक स्टार पाहिला आणि खालचा मजकूरही वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. 2008 ची अल्टो. अ‍ॅव्हरेज 16 वरून 10-11 वर आलं आणि सकाळी सेल्फ मारून मारून हात दुखतो तेव्हा कुठं गाडी सुरू होते. दोन दिवस गाडी आमच्याकडे ठेवून आम्ही "नुसतं मीटर लावून पाहत बसलो". प्लग बदलले नाहीत, सेन्सर बदलला नाही, लॅपटॉप लावला नाही आणि 1,050 रुपये घेतले. अ‍ॅव्हरेज तर एथेनॉलमुळंच पडतं, हे सगळ्यांना माहीत असताना टेस्टिंग कशाचं? आणि वरून थर्मोस्टॅट टाका म्हणतात. विदर्भात थर्मोस्टॅट कोण टाकतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या अ‍ॅव्हरेजचं उत्तर तिथंच आहे.

आपल्या इकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, गाडी घाटात तापते, आणि मग कुणीतरी मेकॅनिक थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकून देतो. "आता पाणी मोकळं फिरंल, गाडी गरम होणार नाही." दिग्रस-दारव्हा पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांमध्ये हा प्रकार आम्हाला नेहमी दिसतो. खरं म्हणजे बहुतेक वेळा गाडी तापलेली असते ती रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकून टाकून आत क्षार धरला म्हणून, नाहीतर फॅनचा स्विच गेला म्हणून, नाहीतर रेडिएटरच्या झाकणाचं रबर मेलं म्हणून. या तिघांना हात न लावता थर्मोस्टॅट काढला की काही दिवस बरं वाटतं. पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा तापते, पण तोवर काढणारा विसरलेला असतो आणि गाडी बहुतेक विकलेली असते. तुमची गाडी तुम्ही सेकंडहँड घेतली, त्यामुळं हे तुमच्या काळात झालेलं नाही हे मला मान्य आहे.

थर्मोस्टॅटचं काम एवढंच की इंजिन साधारण 82 अंशांपर्यंत तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन येतं. झाकण न ठेवता तुरीची डाळ शिजवत बसावं तसं होतं, गॅस जळतो आणि डाळ काही शिजत नाही. डिसेंबरच्या सकाळी घरून शाळेपर्यंत सहा-सात किलोमीटर जाणारी गाडी त्या अंतरात गरम होतच नाही. आणि तुमची गाडी एमपीएफआय आहे, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते कार्बोरेटर नाही, गाडीतला कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलरला कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्याचा) सेन्सर जोपर्यंत "इंजिन थंड आहे" असं सांगतो, तोपर्यंत तो पेट्रोल जास्त सोडतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढून विसरून गेल्यावर जे व्हायचं, तेच इथं आपोआप होत राहतं.

तुमचे तिन्ही प्लग काढले तर कोरडी काळी काजळी होती. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता, म्हणजे न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. पाऊण तास गाडी फिरवून आणली तरी रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीला हात लावता येत होता, दोन्ही सारख्याच कोमट. चांगल्या गाडीत वरची नळी अचानक तापते आणि खालची नंतर. मग थर्मोस्टॅट बसतो ते हाउसिंग उघडलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता, नुसतं गॅस्केट. त्याचा फोटो तुम्हाला त्याच वेळी दाखवला होता.

आता सेन्सर का बदलला नाही, ते सांगतो. हा सेन्सर मल्टिमीटरनं तपासता येतो. 20 अंशाला त्याचा रेझिस्टन्स अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, 80 अंशाला तीनशेच्या आसपास. तुमचा सेन्सर काढून गरम पाण्यात धरला, सोबत थर्मामीटर ठेवला, आकडे बरोबर आले. तो इंजिन थंड आहे म्हणत होता आणि इंजिन खरंच थंड होतं. नवा सेन्सर टाकला असता तर त्यानंही तेच सांगितलं असतं, फक्त तुमचे पैसे गेले असते. लॅपटॉपचंही तसंच. बिघाडाचे कोड वाचायला मोबाइलला जोडायचं ते निळं डबडं 2008 च्या गाडीशी बोलेलच याची खात्री नसते, आणि बोललं असतं तरी सेन्सर चांगला असताना कोड कशाचा येणार?

एथेनॉलचा मुद्दा खोटा नाही, पण हिशोब करून बघा. एथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. आता पंपावर 20 टक्के एथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानं ऊर्जा सहा-सात टक्के कमी. 16 देणाऱ्या गाडीचं त्यानं 15 होईल. 10 होणार नाही. उरलेले पाच किलोमीटर कुठं जातात ते शोधायलाच तर टेस्टिंग होतं. तुमची गाडी 20 टक्क्यांसाठी बनलेली नाही हेही खरं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या तपासल्या. एक कडक होऊन तडकली होती, ती बदलली. बिलात 180 रुपये तिचे आणि तिच्या क्लिपांचे आहेत.

सकाळच्या स्टार्टिंगचं दुखणं वेगळं निघालं. सुरुवातीला मलाही वाटलं होतं की दोन्ही तक्रारी एकाच कारणानं असतील. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा) गळत असेल तर रात्रभर पेट्रोल ठिबकून सकाळी गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्यानं लवकर सुरू होत नाही, आणि दिवसभर जास्तीचं पेट्रोल जातं म्हणून अ‍ॅव्हरेजही पडतं. सरळ जुळणारी गोष्ट होती. बरेच जण इथंच इंजेक्टर क्लीनिंगचे पैसे लावून मोकळे होतात. आम्ही पेट्रोलचा दाब मोजणारा गेज लावला. गाडीतला पेट्रोलचा पंप थांबल्यावर दाब थोड्याच वेळात उतरला. मग पंप आणि गेजच्या मधली नळी क्लॅम्पनं दाबून पुन्हा पाहिलं, दाब टिकला. म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत. पेट्रोल मागं टाकीकडे उतरतंय. पंपातली उलट जाऊ न देणारी झडप ढिली झाली आहे. सकाळी नळी रिकामी असते, म्हणून तुम्हाला इतका वेळ सेल्फ मारावा लागतो.

त्याआधी बॅटरी, तिचं अर्थिंग आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहून घेतलं. ते सगळं ठीक होतं. चारही चाकं जॅकवर फिरवून ब्रेक चाकाला चिकटून राहत नाही ना तेही पाहिलं. एअर फिल्टर मात्र बदलावाच लागला. कापसाच्या सीझनात जिनिंगच्या रस्त्यानं जाणारी गाडी, फिल्टरवर धुळीसोबत रुईचा थर बसला होता. त्याचे 220.

दोन दिवस का लागले? थंड इंजिनाची स्टार्टिंग दिवसातून एकदाच बघता येते भाऊ. रात्रभर गाडी उभी ठेवायची, सकाळी आल्याबरोबर चावी लावायच्या आधी गेज जोडायचा. एकदा सुरू झाली की ती संधी गेली, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. दुपारी गरम गाडी आणून "सकाळी स्टार्ट होत नाही, बघा जरा" म्हटलं तर जो कुणी लगेच सांगेल, तो अंदाज सांगेल.

बाकी राहिले 650, ते तपासणीचे. नुसतं बघण्याचे पैसे कसे घेता, हे तुम्ही काउंटरवरही विचारलं होतं. प्लग, सेन्सर, इंजेक्टर क्लीनिंग आणि पंप हे सगळं तुमच्या माथी मारून तपासणी फुकट दाखवता आली असती. तसं केलं असतं तर बिल याच्या कितीतरी पट झालं असतं आणि थर्मोस्टॅट तेव्हाही नसताच. तुमचे प्लग साफ करून गॅप पाहून परत बसवले, कारण ते अजून चांगले आहेत. भाव सांगूनच गाडी खोलली होती. तो जास्त वाटला तर दुसरीकडे विचारायची तुम्हाला मोकळीक होती आणि आहे.

पुढं काय करायचं ते इथंच लिहितो, म्हणजे काम कुणाकडूनही करून घेता येईल. थर्मोस्टॅट आणि गॅस्केट टाका, पण त्याच वेळी रेडिएटर साफ करून घ्या, झाकण बदला, फॅन वेळेवर लागतो का ते पाहा आणि बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. नुसता थर्मोस्टॅट टाकला आणि रेडिएटर तसाच ठेवला तर मे महिन्यात गाडी तापेल आणि तुम्ही दुसरा एक स्टार द्याल. इंजिन ऑइल बदला, त्यात पेट्रोल मिसळलं आहे. टायरची हवा गाडी थंड असताना भरा.

पंपाची मात्र घाई करू नका. ती झडप सुटी मिळत नाही, अख्खा पंप घ्यावा लागतो. तोवर सकाळी चावी ऑन करा, मागून पंपाचा घूंऽऽ आवाज दोन-तीन सेकंद येऊन थांबेल, चावी बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. नळीत दाब भरलेला असतो, गाडी लगेच उचलते. हे तुम्हाला गाडी नेताना सांगितलं होतं; करून पाहिलं का, ते रिव्ह्यूत नाही.

आणि अ‍ॅव्हरेज मोजायचं तर 500 रुपयांचं टाकून काटा कुठपर्यंत जातो ते बघू नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा, निदान दोनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. आमच्याकडे थर्मोस्टॅट टाकायचा असेल तर तो यवतमाळहून मागवावा लागतो. सांगितलं की दुसऱ्या दिवशी येतो आणि बसवायला तासाभराचं काम आहे. तपासणीचे 650 एकदा घेतले आहेत, याच कामासाठी ते पुन्हा लागणार नाहीत. रविवारी गॅरेज बंद असतं, आणि संक्रांतीच्या दिवशी दुपारपर्यंतच आहे.