दोन डॉलर म्हणजे किती प्लेट पोहे?

लोकमान्य नगरातून निघून मायामीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत तुम्ही बरंच सोसलेलं असतं. इंदूरच्या विमानतळावर काट्याने २३ किलो ४०० ग्रॅम दाखवलं, म्हणून चारचौघांत बॅग उघडून लसणाच्या शेवेची पाकिटं पर्समध्ये कोंबली. मग दिल्ली, मग पाय आखडून काढलेली ती लांबलचक रात्र, मग न्यू जर्सीत लेकाकडे आठ दिवस थंडीत कुडकुडणं. आता त्याने हौसेने आईबाबांना चार रात्रींची बहामाची क्रूझ काढून दिली आहे. टॅक्सी टर्मिनलसमोर उभी राहते आणि गणवेशातला एक दणकट हमाल ढकलगाडी घेऊन थेट तुमच्या बॅगांकडे येतो. सावध व्हा. एवढ्या लांब येऊन इथे दोन डॉलर घालवायचे नसतील, तर पुढचं नीट वाचा.

सगळ्यात आधी गुणाकार. रिवाज असा की हमालाला एका बॅगेमागे एक ते दोन डॉलर टीप द्यायची, आणि बॅग फारच जड किंवा अवघड असेल तर थोडे जास्त. हा आकडा ऐकल्याबरोबर त्याचे रुपये करा. दोन डॉलर म्हणजे पावणेदोनशे रुपये, म्हणजे इंदूरच्या छप्पन दुकानवर सात-आठ प्लेट पोहे, वर जिरावन मसाला आणि शेव मोफत. तीन बॅगांचे सहा डॉलर म्हणजे अख्ख्या गल्लीचा रविवारचा नाश्ता! हा हिशेब हमालासमोर, मोठ्याने आणि मराठीत करावा, म्हणजे त्यालाही विषयाचं गांभीर्य कळतं. मात्र धक्का ओलांडून जहाजावर पाय ठेवला की गुणाकार बंद. तिथे वायफायला दिवसाचे वीसेक डॉलर लागतात, सुकाणूपाशी उभं करून काढलेल्या एका फोटोला साधारण तेवढेच. त्यांचे पोहे करत बसू नये. "आपण काय रोज येतो का इथे?" हे वाक्य तिथल्यासाठी राखून ठेवलेलं आहे. हमालाकडेही आपण रोज येत नाही, पण ते वेगळं.

दुसरी गोष्ट, तुमचं प्रशिक्षण. इंदूर स्टेशनात फलाटावर ४० किलोच्या ओझ्याचा दर लिहिलेली पाटी असते. तिच्याकडे पाठ करून घासाघीस करण्यात तुमच्या तीन पिढ्या गेल्या आहेत. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलीला 'सहायक' म्हणायचं ठरवलं. नाव बदललं, घासाघीस राहिली. पद्धत ठरलेली: आधी भाव, मग ओझं, आणि अवंतिका एक्स्प्रेसच्या डब्यात बॅग बर्थखाली सरकली की मगच पैसे, तेही दहा रुपये कापून, कारण "भिया, ये तो पहियेवाली थी". चाकं बॅगेला, कापाकापी हमालीत. शास्त्र पक्कं आहे.

तेच शास्त्र धक्क्यावर लावायला जा आणि काय होतं बघा. इथे भाव ठरत नाही. हमाल बॅग उचलून गाडीवर ठेवतो, टॅग तपासतो आणि पुढच्या टॅक्सीकडे वळतो. "केबिनवर आण, तिथे देतो" असं तुम्ही खुणेने सांगाल, तो हसून मान डोलावेल. तो केबिनवर येणार नाही. तो जहाजावर पाऊलच ठेवत नाही. तो बंदराचा माणूस. फ्लोरिडाच्या मोठ्या बंदरांत हे हमाल बहुधा गोदी कामगारांच्या युनियनचे सभासद असतात. तुमची बॅग त्याच्या गाडीवरून चाकांच्या उंच लोखंडी पिंजऱ्यात जाते, पिंजरा एक्स-रेकडे, तिथून फोर्कलिफ्टने जहाजाच्या पोटात. आत जहाजाचे कर्मचारी डेकप्रमाणे ढीग लावतात आणि एकेक बॅग दाराशी नेऊन ठेवतात. म्हणजे द्यायचं असेल तर बॅग देतानाच द्यायचं, नोट घडी करून, 'थँक यू' म्हणून, दोन सेकंदांत. नंतर द्यायला माणूसच उरत नाही. काम व्हायच्या आधी पैसे देणं आपल्याला पटत नाही हे मान्य. तेव्हा तत्त्वाला धरून राहा. संध्याकाळी बॅग दाराशी आली की इकडेतिकडे बघा, कोणीच दिसत नाही, आणि द्यायची इच्छा असूनही देता आलं नाही याचं खरंखुरं समाधान मिळतं.

युनियनची ही माहिती विसरू नका, फार कामाची आहे. "त्यांना तासावर भरपूर पगार असतो, आपल्या पेन्शनपेक्षा जास्त," असं जेवणाच्या टेबलावर चारदा सांगता येतं. टीप सक्तीची नाही, हेही खरं. पण ही कामगार-हिताची जाण फक्त हमालापुरती ठेवा. त्याच टेबलावर वाढणारा पोरगा पगाराचा केवढा भाग टीपमधून काढतो, हे विचारू नका.

कारण तिसरं हत्यार तिथेच आहे: "आम्ही आधीच भरलंय!" क्रूझच्या बिलात माणशी दर दिवसाचे साधारण १६ ते २० डॉलर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टीप, म्हणून लागतात. ते केबिन आवरणारा, वाढपी आणि पडद्यामागची मंडळी यांच्यात वाटले जातात. धक्क्यावरच्या हमालाला त्यातला एक सेंटही जात नाही, कारण तो त्या कंपनीचा नोकरच नव्हे. तरीही वाक्य ठणकावून वापरावं. आणि शेवटच्या दिवशी चौकशी खिडकीवर जाऊन तीच ग्रॅच्युइटी कमी करून मागावी. हमालाला म्हणायचं जहाजाला दिलं, जहाजाला म्हणायचं हाताने देतो. दोन्हीकडे पावती कोणी मागत नाही.

आता टॅग. या भागात हयगय करायची असेल तर मनापासून करा, कारण बॅग चुकते ती इथेच. टीप दिली नाही म्हणून हमाल बॅग समुद्रात फेकतो, अशी एक अफवा दर क्रूझच्या आधी फिरते. फेकत नाही. तीन-चार हजार प्रवाशांच्या बॅगा चार-पाच तासांत चढवायच्या असतात, त्याच सकाळी आधीच्या फेरीच्या तितक्याच बॅगा उतरलेल्या असतात. तुमच्यावर राग धरायला त्याला वेळ कुठला? बॅग भरकटते ती कागदाच्या एका चिठ्ठीपायी. ऑनलाइन चेक-इन केलं की नाव, जहाज, तारीख, डेक आणि केबिन नंबर असलेला टॅग मिळतो. तो ए-फोर कागदावर छापून, दिलेल्या रेघांवर घड्या घालून, पट्टी बॅगेच्या मुठीभोवती फिरवून स्टेपल करायचा असतो. पिना दोन-तीन माराव्यात, केबिन नंबर आणि बारकोड सोडून. पावसाची भीती असेल तर प्लॅस्टिकचं पाकीट किंवा वरून पारदर्शक चिकटपट्टी.

तुम्ही यातलं काहीही करू नका. टॅग मुलाच्या ईमेलमध्येच राहू द्या. छापलाच तर पीन बरोब्बर केबिन नंबरच्या मधोमध मारा. विमानाचा जुना टॅग काढू नका; आधीच्या सिंगापूरच्या सहलीचा असेल तर तोही राहू दे, बॅगेचा अनुभव दिसतो. ओळख म्हणून मुठीला खजराण्याच्या गणपतीचा लाल धागा बांधाच. सोबतच्या चार इंदुरी कुटुंबांनीही तोच बांधलेला असतो, बॅगाही सगळ्यांच्या निळ्या. मग हाच हमाल, ज्याच्याशी तुम्ही पोह्यांचा हिशेब करत होता, खिशातून कोरा टॅग आणि पेन काढतो, तुमचा कागद बघून केबिन नंबर लिहितो, स्टेपलरने खट खट दोन पिना मारतो आणि जुना विमानाचा टॅग फाडून टाकतो. वीस सेकंदांचं काम. याचे वेगळे पैसे तो मागत नाही, तेव्हा तुम्हीही तो विषय काढू नये.

बॅगेत काय ठेवायचं? पासपोर्ट. मोठ्या बॅगेत, अगदी तळाशी, साडीच्या घडीत, सुरक्षित. बॅग पिंजऱ्यात गेल्यावर चेक-इनच्या खिडकीवर पासपोर्ट मागतात, आणि मग फुटपाथवर बॅगांचा अख्खा पिंजरा उलटसुलट करून तुमची निळी बॅग शोधायचं काम निघतं. शोधणारा माणूस तोच. आता त्याला दोन डॉलर द्यायचे की नाही, यावर कुटुंबात थोडी चर्चा करून घ्या. मागे टॅक्सीवाले हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच बॅगेत असाव्यात. तुम्ही साडेअकराला चढता, खोली साधारण दीडच्या सुमाराला उघडते, आणि बॅग दाराशी यायला कधी कधी सहा-सात वाजतात. तोवर दुपारची गोळी, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे सगळं जहाजाच्या पोटात आराम करतं आणि तुम्ही जीन्समध्ये तरणतलावाकाठी बसता. जाणती माणसं हे सगळं खांद्यावरच्या छोट्या पिशवीत ठेवतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

इस्त्री, चहासाठी पाण्यात सोडायची कॉइल, किटली, एक्स्टेंशन बोर्ड, उदबत्तीचा पुडा आणि आंबे कापायची मोठी सुरी हेही भरा. वर घरच्या गुळाच्या पोळ्या. जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची, म्हणून अशा तापणाऱ्या आणि पेटणाऱ्या वस्तू एक्स-रेत अडतात. चार इंचांहून लांब पात्याची सुरी अडते. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या घेऊच देत नाहीत, सीलबंद पाकिटातली शेव चालते. अशी बॅग दाराशी येत नाही. तिच्याऐवजी निरोप येतो: सुरक्षा कक्षात या. तिथे तुमच्यासमोर बॅग उघडतात, इस्त्री काढून पावती देतात, शेवटच्या दिवशी परत करतात. रात्री आठ वाजता कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या बॅगा आल्या, तुमचीच नाही, हे लक्षात आलं की घरात एकच निष्कर्ष काढायचा असतो: "त्या मेल्याला पैसे दिले नाहीत ना, त्याने मुद्दाम मागे ठेवली!" इस्त्रीचं नाव घेऊ नका.

सुट्या नोटांबद्दल. इंदूरला परकीय चलन घेताना शंभर-शंभरच्या कोऱ्या नोटा घ्या, दिसायलाही छान. एक आणि पाचच्या नोटा हव्यात असं तिथे सांगू नका. मिळत नसतील तर विमानतळावर कॉफी घेऊन वीसची मोडतात, तेही नको. मग हमालासमोर पाकीट उघडून शंभराची नोट दाखवायची आणि खांदे उडवायचे: सुटे नाहीत! तो सुटे देत नाही, त्याचं ते कामच नाही. फारच ओशाळवाणं वाटलं तर भारतीय दहाचं नाणं काढून "सूव्हेनीर, इंडिया" म्हणत हातावर ठेवा. ते त्याला कुठेही चालवता येणार नाही, पण भावना पोचतात.

एक अडचण सांगून ठेवतो. सगळी बंदरं सारखी नसतात. सिंगापुरात टीपची पद्धतच नाही. तिथे कोणी अपेक्षाही करत नाही. साहजिकच आपल्या माणसाला नेमकं तिथे उदार व्हावंसं वाटतं.

शेवटची रात्र. केबिनमध्ये नवे टॅग येतात, रंगाचे किंवा नंबरांचे, कोणी केव्हा उतरायचं त्याप्रमाणे. ते लावून बॅग रात्री दहा-अकरापर्यंत दाराबाहेर ठेवायची. तुम्ही शिस्तीचे, नवालाच सगळं भरून बाहेर. सगळं म्हणजे सगळं: उद्याचा शर्ट, पँट, बूट. सकाळी कळतं की अंगावरचा लेंगा आणि जहाजाच्या सपाता यांवरच अमेरिकेच्या कस्टम्सला सामोरं जायचं आहे. हातात बुफेतून उचललेलं सफरचंद, वाटेत खायला. जहाजावरचं फळ खाली न्यायचं नसतं, तिथे हुंगणारी कुत्री असतात आणि दंडही होतो. खाली मोठ्या हॉलमध्ये शेकडो बॅगा नंबरवार उभ्या असतात. त्यांत लाल धाग्याच्या निळ्या बॅगा सहा.

इथे पुन्हा हमाल भेटतो, मोठी गाडी घेऊन. बॅगा तो गाडीवर रचतो, तुम्हाला मागे यायला सांगतो, आणि बऱ्याच बंदरांत हमालासोबत असलेल्यांची रांग वेगळी आणि छोटी असते. फुटपाथपर्यंत आणून टॅक्सीत बॅगा चढवून देतो. दर तोच, बॅगेमागे एक-दोन डॉलर. तुम्ही अर्थातच त्याला हाताने परतवून लावता, तीन बॅगा दोघांत ओढत लांबच्या रांगेत पाऊण तास उभे राहता, आणि विमान गाठायला महागडी टॅक्सी करता. कमरेत उसण भरते, पण सहा डॉलर वाचलेले असतात.

ते सहा डॉलर, एक-एकच्या सहा नोटा. मुलाने निघताना बळेच खिशात घातल्या होत्या, "बाबा, हमालाला द्या" म्हणून. त्या इंदूरला आणायच्या. दोन नोटा नातेवाइकांच्या मुलांना "अमेरिकेची नोट" म्हणून वाटायच्या, एक देव्हाऱ्यात, आणि बाकीच्या बैठकीतल्या टीपॉयच्या काचेखाली, वॉशिंग्टनचं तोंड वर करून, पोहे खायला आलेल्या पाहुण्यांना बशी उचलली की दिसतील अशा.