कुंभार्ली घाटातली वीज

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आतेभावाशी माझी जुंपली. दादाचे चिपळूणला दोन ट्रक. कराडहून साखर, भाजी भरून कुंभार्ली घाट उतरायचा, कराडकडे चढून जाताना बहुतेकदा गाडी रिकामी. केंद्राच्या योजनेत विजेच्या ट्रकवर 9 लाख 60 हजारांपर्यंत सूट आहे, म्हणून एक एजंट त्याच्या मागे लागलाय. दादा म्हणाला, "जरा वारा सुटला की घरातली लाइट जाते रे. ट्रक काय तुझ्या स्वित्झर्लंडात आणून चार्ज करू?"

हसू आलं, पण पटलं नाही. इथे बील शहराजवळ सिमेंट कंपनीची चुनखडीची खाण आहे. तिथला विजेवरचा डंपर डोंगरावर रिकामा चढतो आणि 65 टन माल घेऊन उतरतो. उतरताना मोटरच जनित्र होते, गाडीला आवर घालते आणि चढायला लागलेली बरीचशी वीज बॅटरीत परत भरते. हे वाचलं तेव्हा मला आठवला तो कुंभार्लीतला ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास. लहानपणी एसटीच्या खिडकीतून तो आला की आई नाकाला पदर लावायची. तेवढी ताकद आपण रोज ब्रेकवर जाळतो.

आता इथलं सगळंच तिथे चालेल असं नाही. इथे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास थांबावंच लागतं, ट्रक तेवढ्यात चार्ज होतो. दादाचा ड्रायव्हर वाटेत हेळवाकला चहा पितो, तोही घाईत. शिवाय इथे जड वाहनांना 2001पासून किलोमीटरमागे कर आहे आणि विजेच्या ट्रकना तो आतापर्यंत माफ, म्हणून महागडी गाडीही परवडते. नुसत्या सवलतीवर दादाचा हप्ता निघणार नाही, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. मुंबई-गोवा हायवेवर लांब पल्ल्याला तर मीही त्याला हा ट्रक घे म्हणणार नाही.

पण चिपळूण-कराड म्हणजे शंभरेक किलोमीटर, ठरलेला रस्ता, रोज तोच घाट. आणि लाइटचं रडगाणं कोण गातंय? ज्याच्या गावाशेजारी पोफळीला कोयनेची वीज तयार होते तो! ती वीज आपल्या डोक्यावरून तारांनी निघून जाते, आपल्या वाट्याला येतं वाशिष्ठी नदीत सोडलेलं पाणी.

"मग चार्जर कुठे लावू? बाजारात?" दादाने विचारलं. 2021च्या जुलैत त्याच बाजारात पुराच्या पाण्याने काय केलं ते त्याला मी सांगायची गरज नव्हती. घाटमाथ्यावरही नको. भरलेली बॅटरी घेऊन उतरलास तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. पायथ्याशी हवा, शिरगाव-पोफळीकडे, जरा उंचावर.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिथे आपल्या मामांची जागा आहे. पण ते भाडं मागतील."